हात मध्येच थांबवताना

मी दुबईत बायकांना गाडी शिकवते. इथं स्टिअरिंग डावीकडे असतं, त्यामुळे शिकणारी डावीकडे बसते आणि मी उजवीकडे. माझ्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. तो सोडला तर माझं सगळं काम डाव्या हाताचं. शिकणारी लेन सोडून भरकटायला लागली की डावा हात पुढे करायचा, स्टिअरिंग खालच्या बाजूनं धरायचं आणि गाडी हळूच सरळ आणायची. इतकी वर्षं हे केल्यावर त्यात विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं. डोळ्यांना दिसलं की हात आपला आपण जायचा.

त्याच हातावर संकट आलं. एका शुक्रवारी सकाळी मी उठले ती डाव्या खांद्यात भयंकर कळ घेऊनच.

"आडवीतिडवी झोपली असशील," नवरा म्हणाला आणि त्यानं बाम चोळून दिला. बामानं काय होणार! अल मनखूलमधल्या आमच्या घरापासून क्लिनिक पाच मिनिटांवर, पण तिथवर जाताना टॅक्सीतला प्रत्येक गतिरोधक मला खांद्यात मोजता येत होता. गोळ्या, इंजेक्शनं, एमआरआय सगळं झालं. दोन-तीन आठवडे हातानं जीव नकोसा केला आणि मग दुखणं जसं आलं तसंच गेलं. मी खूश झाले. त्या दिवशी संध्याकाळी दुधाचं पातेलं गॅसवरून उतरवायला गेले. बोटांनी पातेलं नीट धरलं. पण कोपर वाकेना. मी ‘उचल’ म्हणतेय आणि हात नुसता लोंबकळतोय, असा प्रकार.

मुलगी अभ्यासाला बसली होती. ती धावत आली, पातेलं उतरवलं आणि म्हणाली, "आई, जस्ट आस्क मी टू लिफ्ट इट." ती प्रेमानंच म्हणाली होती. मला मात्र ते वाक्य चावलं. मी कधी कुणाला पातेलं उचलून दे म्हटलेलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं की खांद्यातून हाताकडे जाणाऱ्या नसांना सूज आली होती. साधा ताप-सर्दी होऊन गेल्यावरही कधीकधी असं होतं, कारण हाती लागतंच असं नाही. सूज गेली, पण दंडाच्या स्नायूकडे जाणारी नस मार खाऊन बसली. "नस परत वाढते," त्या म्हणाल्या, "पण फार हळू. वर्ष धरून चाला, जास्तही लागेल. आणि सगळी ताकद येईल असं मी लिहून देऊ शकत नाही."

"मी गाडी शिकवते," मी म्हटलं.

"म्हणूनच स्पष्ट सांगतेय," त्या म्हणाल्या.

ऑफिसनं मला गाडीवरून उतरवून थिअरीच्या वर्गावर टाकलं. चिन्हं, वेगमर्यादा, राउंडअबाउटमध्ये आधी कुणी जायचं. मी चांगलं शिकवते, बायका हसायच्या, प्रश्न विचारायच्या. पण वर्ग संपला की खिडकीतून खालच्या यार्डात गाड्या मागेपुढे होताना दिसायच्या आणि मी टेबलावरची मार्कर पेनं उगाच सारखी करत बसायची.

फिजिओथेरपी सुरू होती. बरेच महिने गेल्यावर एकदा फिजिओ बाईंनी माझ्या दंडावर बोट ठेवून मला हात वाकवायला सांगितलं. हात हलला नाही. पण त्या म्हणाल्या, "थांबा. परत करा." मग माझंच बोट त्यांनी तिथं ठेवलं. कातडीखाली काहीतरी बारीकसं सरकलं. मासोळीनं शेपूट हलवावं तसं.

"स्नायू जागा आहे," त्या म्हणाल्या. "ताकद नाही, पण निरोप पोचतोय." त्यांनीच मला अबूधाबीतल्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेबद्दल सांगितलं. तिथं स्नायूतल्या निरोपावर चालणारं यंत्र हाताला बांधतात, आणि त्यांना माझ्यासारखी माणसं हवी होती.

नवऱ्याचा सेफ्टी शूज आणि हातमोजे पुरवायचा धंदा आहे. मुसफ्फामधल्या वर्कशॉपना माल द्यायला तो आठवड्यातून दोनदा अबूधाबीला जातोच. "तुला वाटेत सोडतो," तो म्हणाला. वाट जरा वाकडी करावी लागायची, पण तो वाटेतच म्हणायचा.

प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी अबाया घातलेली एक मुलगी दारात आली आणि मला बघून ओरडली, "टीचर!"

आम्हा गाडी शिकवणाऱ्यांना हे नवीन नाही. बँकेत, मॉलमध्ये, लग्नात, कुठंही गेलं तरी आपली एखादी विद्यार्थिनी भेटतेच. ही मात्र मला पक्की आठवत होती. इथलीच, एमिराती घरातली, अतिशय हुशार आणि गाडीत बसली की घामाघूम होणारी. स्टिअरिंग इतकं आवळून धरायची की बोटांची पेरं पांढरी पडायची. रोड टेस्टला बऱ्याचदा नापास झाली होती. ती आता इथं इंजिनिअर होती, आणि हे यंत्र तिचंच काम होतं. ती हिंदी आणि इंग्रजी मिसळून बोलते, अधूनमधून अरबी. इथं मी ते मराठीतच सांगते.

यंत्र दिसायला साधं होतं. दंडाला एक पट्टा, मनगटाच्या वर एक पट्टा, दोन्हींना जोडणारी हलकी पट्टी आणि कोपराशी एक छोटी मोटर. दंडावर तिनं वायर लावलेले स्टिकर चिकटवले.

"स्नायू आकसतो तेव्हा कातडीवर अगदी थोडी वीज उमटते," ती म्हणाली. "तुमचा स्नायू हात उचलू शकत नाही, पण ‘उचल’ एवढं म्हणतो. स्टिकर ते ऐकतो आणि मोटर उचलते. यल्ला टीचर, हात वाकवा."

मी वाकवला. म्हणजे, इतके महिने जे करून काही होत नव्हतं तेच केलं. आणि हात वर आला. आपणहून, माझ्या मनासारखा, पार खांद्यापर्यंत. माझ्या तोंडून "अगं बाई" निघून गेलं. नवरा मुसफ्फाच्या कुठल्या तरी गिऱ्हाईकाशी फोनवर बोलत होता, तो वाक्य अर्धवट टाकून नुसता बघत राहिला. पलीकडून "हॅलो, हॅलो" ऐकू येत होतं.

"आता पाण्याचा पेला धरा," इंजिनिअर म्हणाली. "अर्ध्यावर आणून तिथंच थांबवा."

मला वाटलं, वर नेता आला तर अर्ध्यावर थांबवायला काय लागतं! पेला छातीच्या उंचीवर आला, मी थांबले, आणि हात थरथरायला लागला. आधी बारीक, मग मोठा. वर-खाली, वर-खाली. मी थांबवायला जीव खाऊन जोर लावला तर तो आणखीच हलायला लागला. पाणी माझ्या कुर्त्यावर, तिच्या अबायावर, टेबलावर. तिनं लाल बटण दाबलं तेव्हा मोटर थांबली आणि माझा हात परत मेल्यासारखा खाली आला.

"हेच माझं खरं काम आहे," ती टिश्यूनं टेबल पुसत म्हणाली. "हात उचलणं सोपं. स्थिर धरणं अवघड."

"असं का होतं पण?"

"तुम्ही सांगता आणि मोटर हलते, यात एक क्षण जातो. पापणी मिटण्याहूनही कमी. पण तेवढ्यात तुम्हाला वाटतं हात जास्त वर गेला, तुम्ही सैल सोडता. मोटर अजून मागचाच हुकूम पाळत असते. ती सैल सोडते तोवर तुम्ही पुन्हा ओढायला लागलेल्या असता. दोघी योग्यच वागता, पण एकमेकींच्या मागून."

"नवी मुलगी सरळ रस्त्यावर गाडी नागमोडी नेते तसं," मी म्हटलं.

"मीच न्यायचे ना!" ती हसली.

मग तिनं आणखी नीट सांगितलं. स्नायूचा निरोप खरखरीत येतो, जुन्या रेडिओसारखा. तो गाळून घेतला तर गुळगुळीत होतो, पण गाळायला वेळ लागतो आणि उशीर वाढला की थरथर वाढते. मोटरची मदत कमी केली तर थरथर थांबते, पण मग हात जड होतो आणि सगळं ओझं माझ्या दुबळ्या स्नायूवर. "सगळं एकदम मिळत नाही," ती म्हणाली. "मधली जागा शोधायची."

मला मधल्या जागेत रस नव्हता. मला हात हवा होता. पुढचे कित्येक दिवस आमचा एकच वाद चालायचा.

"मदत वाढव," मी म्हणायची.

"टीचर, वाढवली की हलेल."

"हलू दे. मी धरेन."

"तुम्ही धरायला जाता म्हणूनच जास्त हलतं."

"हे घालून मला गाडीत बसायचंय. तिथं अर्धवट ताकद काय कामाची?"

यावर ती एकदम गंभीर झाली. "हे घालून तुम्ही गाडीत बसायचं नाही. ही मशीन खोलीत चालते, टेबलापाशी चालते. चालत्या गाडीत, शेजारी शिकणारी मुलगी असताना, अजिबात नाही. गाडीत जायचंय तर तुमचा स्वतःचा हात जाईल. हिचं काम त्याला व्यायाम देणं."

असं मला कुणी बऱ्याच वर्षांत ऐकवलं नव्हतं. पण मनातून तिचं कौतुकही वाटलं. गाडीत घामाघूम होणारी मुलगी आपल्या जागेवर किती ठाम होती!

तरी एके दिवशी मी हट्टानं मदत थोडी वाढवून घेतली. सगळं छान चाललं होतं, पेला अर्ध्यावर, हात जवळजवळ शांत. तेवढ्यात मागचा दरवाजा वाऱ्यानं धाडकन आपटला. मी दचकले. दचकलं की माणूस अंग आवळतो, तसा माझा दंडही आवळला. मोटरला वाटलं, बाईंना हात वर हवाय, तोही ताबडतोब. पेला माझ्या कानावरून भिंतीवर गेला. प्लास्टिकचा होता म्हणून बरं.

मला वाटलं ती रागावेल. ती मात्र कॉम्प्युटरवरच्या रेघांकडे टक लावून बघत बसली. मग तिनं मला जवळ बोलावलं.

"हे बघा. पेला हलायला लागला की तुम्ही घाबरता. घाबरलात की दंडाचा पुढचा स्नायू आवळता, पण मागचाही आवळता. दोन्ही एकदम. सगळी माणसं असंच करतात, हात घट्ट करायला. माझी मशीन फक्त पुढचा स्नायू ऐकते. म्हणून तिला तुमची भीती म्हणजे ‘वर उचल’ असा हुकूम वाटतो."

"मग आता?"

"आता मागचाही ऐकायचा."

दोन आठवड्यांनी गेले तेव्हा दंडाच्या मागेही स्टिकर लागले. हे करता येतं हे तिला आधीपासून ठाऊक होतं, अशा कामाचा तिचा अभ्यासच होता. माझ्या हातावर ते कसं बसवायचं तेवढं तिला हवं होतं. आता मोटरला नवा नियम होता. पुढचा स्नायू एकटा बोलला तर उचल. दोन्ही एकदम आवळले तर उचलू नकोस, उलट जड हो, मधात चमचा फिरवताना लागतो तसा विरोध कर.

मी पेला अर्ध्यावर आणला. हात हलायला लागला, मी सवयीनं आवळला, आणि थरथर विरून गेली. जागच्या जागी. इंजिनिअरनं मुद्दाम माझ्यामागे जोरात टाळी वाजवली. मी दचकले, पाणी डचमळलं, पण पेला हातातच राहिला.

"खलास! जमलं!" ती ओरडली आणि आम्ही दोघी अशा हसलो की शेजारच्या खोलीतला एक प्राध्यापक डोकावून गेला.

त्यानंतर माझं जाणं येणं मजेत सुरू झालं. पाणी ओतणं, कपाटातून डबा काढणं, टॉवेल घडी करणं. उन्हाळ्यात मात्र वेगळीच पंचाईत. पार्किंगपासून दारापर्यंत चालत गेलं तरी अंगाला धारा लागायच्या आणि घामानं स्टिकर सरकायचे. मग आधी एसीत शांत बसायचं, दंड पुसून कोरडा करायचा, मग काम. त्या वेळात ती मला तिच्या नव्या गाडीबद्दल सांगायची आणि मी तिला विचारायची, "इंडिकेटर देतेस ना?" ती म्हणायची, "इन्शाल्ला." मी डोळे वटारायची.

माझ्या मनात हिशेब पक्का झाला होता की हात स्थिर म्हणजे प्रगती, हात हलला म्हणजे घसरण. आणि तशात एके दिवशी, काहीही बदललेलं नसताना, थरथर परत आली. पहिल्या दिवसासारखी. पेला अर्ध्यावर नेला की हात नाचायला लागायचा. स्टिकर बदलले, पट्टे आवळले, वायरी तपासल्या. काही फरक नाही.

माझं अवसान गेलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. मी पट्टा सोडायला लागले. "नस परत बिघडली वाटतं," मी म्हटलं. "राहू दे आता. थिअरी शिकवणं काही वाईट नाही."

"टीचर, एक मिनिट." ती पडद्यावर वाकली होती. एक जुनी रेघ आणि एक आजची रेघ तिनं शेजारी ठेवली. जुनी रेघ गवतासारखी खुरटी होती. आजची उंच उंच होती.

"ही उंच रेघ मोटरची?" मी विचारलं.

"मोटरची नाही. तुमची." तिच्या आवाजात हसू मावत नव्हतं. "हा तुमचा स्नायू आहे. तुम्ही कुजबुजायचात तेव्हाचं सेटिंग अजून चालू आहे, आणि तुम्ही आता मोठ्यानं बोलताय. म्हणून मशीन प्रमाणाबाहेर मदत करतेय. बिघडलं काही नाही, तुम्ही सुधारलात!"

मी त्या दोन रेघांकडे बघत राहिले. मला हाताच्या आतलं काही कळत नव्हतं, दंड तसाच बारीक दिसत होता. पण रेघ समोर होती.

"मग मदत कमी कर," मी म्हटलं.

तिनं भुवया उंचावल्या. "कोण बोलतंय हे?"

"कर म्हणते ना."

तिनं मदत कमी केली. पेला अर्ध्यावर गेला आणि थांबला. मी तो तिथं धरून तिच्याशी गप्पा मारल्या, तिच्या आईची तब्येत विचारली, मग प्यायले.

घरी परतताना मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो हायवेवर डोळे ठेवून ऐकत होता. "म्हणजे हलत होता ते चांगलंच?" त्यानं विचारलं.

"आजच्यापुरतं," मी म्हटलं.

पुढच्या महिन्यांत ते सेटिंग खाली खाली येत गेलं. दर वेळी कमी केलं की पहिल्या दोन-तीन खेपांना हात दमायचा, मग सवय व्हायची, मग परत किंचित थरथर, मग परत कमी. मला त्या थरथरीची भीती राहिली नाही. ती आली की मीच इंजिनिअरला हाक मारायची. शेवटी मोटर बंद ठेवून नुसता पट्टा बांधून मी सगळी कामं केली, आणि पट्टा काढून एकदा. घरी त्याच सुमारास मुलीनं कुकर उचलायला हात पुढे केला, तेव्हा मी म्हटलं, "बस तू." ती म्हणाली, "ओके, ओके, रिलॅक्स!" आणि खरंच बसली.

कामावर परत घ्यायच्या आधी ऑफिसनं डॉक्टरांचा अभिप्राय मागितला आणि वर यार्डात परीक्षाही घेतली. आमच्या सगळ्यात सीनियर इन्स्ट्रक्टर, इजिप्तच्या एक दणकट बाई, स्वतः चालकाच्या जागी बसल्या आणि अगदी कच्च्या शिकाऊसारखी गाडी चालवायला लागल्या. कधी वळणावर ठेवलेल्या प्लास्टिकच्या कोनाकडे, कधी कठड्याकडे. स्टिअरिंगवर त्यांची पकड लोखंडी. दर वेळी मला डाव्या हातानं गाडी परत आणायची होती. एकदा तर त्यांनी मुद्दाम उलटा जोर लावला. मीही लावला. दंडात आग उठली, पण गाडी कोनापासून हातभर अंतरावरून सरळ झाली.

त्यांनी इंजिन बंद केलं, माझ्या दंडाकडे एकवार बघितलं आणि म्हणाल्या, "मंगळवारपासून ये."

मंगळवारी मी गेले. पहिले काही आठवडे फक्त यार्ड, मग छोटे रस्ते, आता सगळे रस्ते. संध्याकाळपर्यंत हात अजून दमतो, आणि डॉक्टरीणबाई म्हणतात की राहिलेली ताकद येईल तशी येईल. मला घाई नाही. दिवसाला जितक्या बायका समोर येतात तितक्यांना हा हात पुरतो.

प्रयोगशाळेचं माझं काम संपलं. पण परवा इंजिनिअरचा फोन आला. आता ते लोक गुडघ्यासाठी तसंच यंत्र करताहेत, जिना चढताना मदत करणारं. आजारी माणसांना लावायच्या आधी ते धडधाकट माणसांवर तपासायचं असतं, साठीच्या आसपासच्या. मुसफ्फाला येणारं कुणी ओळखीचं आहे का, असं तिनं विचारलं.

मी नवऱ्याकडे बघितलं. तो सोफ्यावर बसून हातमोज्यांची सँपल्स पिशवीत भरत होता.

"अहो, तुमचे गुडघे मागताहेत," मी म्हटलं.

"मला थरथरायला लावणार तुम्ही दोघी मिळून," तो म्हणाला. "मी नाही येणार."

"बरं. तसं कळवते. तिला धडधाकट माणूस हवा होता."

तो थोडा वेळ पिशवीच भरत राहिला. मग म्हणाला, "धडधाकट म्हणाली ती? हाच शब्द?"

"हाच."

गुरुवारी सकाळी निघताना त्याच्या गाडीत सेफ्टी शूजच्या खोक्यांवर एक हाफ पँट घडी करून ठेवलेली होती, इस्त्री केलेली.